लेन्स, मीठ आणि नळाचे पाणी

नवरात्र आणि लग्नसराई हे रंगीत कॉन्टॅक्ट लेन्सच्या विक्रीचे हंगाम. निळे, करडे, मधाळ डोळे आता मोबाइलवरून मागवता येतात. डोळ्यांचे माप काय, आधी कधी लेन्स लावली आहे का, असे बहुतेक ठिकाणी कुणी विचारत नाही. जोडी घरी येते, एक-दोन कार्यक्रमांना लावली जाते. सोबतची द्रावणाची छोटी बाटली संपली की लेन्स कशात ठेवायची, हा प्रश्न येतो. सरकारी रुग्णालयात त्याची तीन उत्तरे ऐकायला मिळतात: नळाचे पाणी, घरी कालवलेले मीठपाणी आणि ओळखीतून आणलेली सलाईनची बाटली. तिन्ही चुकीची, पण प्रत्येकाची चूक वेगळी.

मुळात मऊ लेन्स ही काच नव्हे. प्राग शहरातले रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी १९६१च्या नाताळात मुलाच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरच्या घरी एक यंत्र बनवले आणि त्यावर पहिल्या चांगल्या मऊ लेन्स फिरवून काढल्या. त्यांचा पदार्थ होता पाणी शोषणारा पॉलिमर, म्हणजे लांबलचक रेणूंचे जाळे. त्या मूळ प्रकारच्या लेन्समध्ये वजनाच्या सुमारे ३८ टक्के पाणी असते, काही नव्या प्रकारांत निम्म्याहून जास्त. मध्यावर तिची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. एवढ्या पातळ, पाण्याने भरलेल्या पापुद्र्याचा आकार आणि ताठपणा तो कोणत्या द्रवात आहे यावर ठरतो.

इथे मिठाचा संबंध येतो. जास्त पाणी धरणाऱ्या अनेक लेन्समध्ये जाळ्यावर ऋण विद्युतभार असतात. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणजे जाळे फुगायला बघते. आजूबाजूच्या द्रवात मीठ असेल, तर सोडियमचे धन कण या भारांच्या भोवती जमतात आणि ढकलाढकल शमवतात. जाळे आटोक्यात राहते. मीठ काढून घेतले की आवर सुटतो. लेन्स आणखी पाणी ओढते, रुंद होते, मऊ पडते. मीठ फार झाले तर उलट: पाणी बाहेर जाते, लेन्स आक्रसते. आपल्या अश्रूंतले क्षारांचे प्रमाण साधारण ०.९ टक्के मिठाच्या पाण्याइतके असते, म्हणून लेन्सही त्याच प्रमाणाच्या द्रावणात मोजतात. खोक्यावर छापलेली वक्रता आणि व्यास ही त्या द्रावणातली मापे आहेत. नळाच्या पाण्यातून काढलेल्या लेन्सला ती लागू नाहीत. सगळ्या लेन्स सारख्या फुगत नाहीत हेही खरे. सिलिकॉन हायड्रोजेलच्या नव्या लेन्सवर हा परिणाम बराच कमी दिसतो. स्वस्त रंगीत लेन्स कशाची आहे, हे मात्र ग्राहकाला क्वचितच ठाऊक असते.

नळाच्या किंवा तरणतलावाच्या गोड्या पाण्यातली लेन्स डोळ्यावर असली, की ती बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, कॉर्नियाला, चिकटून बसते. पापणी मिटताना ती जशी हलायला हवी तशी हलत नाही. घाबरून ओढून काढली तर कॉर्नियाचा सर्वांत वरचा थर खरवडला जातो. समुद्राचे पाणी अश्रूंच्या जवळजवळ चौपट खारट, त्यामुळे तिथे चिकटण्याचा त्रास कमी. जंतूंचा धोका अर्थात तिथेही आहेच.

खरवडलेल्या थराची खरी किंमत जंतू वसूल करतात. गोड्या पाण्यात आणि मातीत अकँथअमिबा नावाचा एकपेशीय जीव राहतो. कवचाच्या अवस्थेत तो नळाच्या क्लोरिनलाही पुरून उरतो. आपल्या देशात याचे बहुतेक रुग्ण लेन्स वापरणारे नसतात, तर डोळ्यात काडी-कचरा किंवा मातकट पाणी गेलेले शेतकरी आणि मजूर असतात. म्हणूनच शहरी तरुणीच्या लाल डोळ्यात हा संशय लवकर येत नाही. उपचार महिनोन् महिने चालतात. या आजारासाठीच असलेल्या पॉलीहेक्सानाइड थेंबांना युरोपात औषध म्हणून मंजुरी मिळाली तीही २०२४ मध्ये. स्यूडोमोनास हा जीवाणू मात्र महिन्यांची वाट पाहत नाही. तो दोन दिवसांत कॉर्निया विरघळवू शकतो. मग डोळ्यात कायमचे फूल.

घरचे मीठपाणी वाईट का? चमच्याच्या अंदाजाने ०.९ टक्के साधत नाही हे एक. अमेरिकेत १९८०च्या दशकात मिठाच्या गोळ्या विकल्या जात आणि लोक घरी शुद्ध पाण्यात त्या विरघळवून लेन्सचे द्रावण करीत. १९८५-८६च्या सुमारास तिथे अकँथअमिबाचे रुग्ण वाढले आणि तपासात त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी हेच द्रावण निघाले. मीठ बरोबर होते, निर्जंतुकपणा नव्हता.

सलाईनच्या बाटलीबद्दल तर आमच्याच लोकांचा गैरसमज मोठा. त्यातले मिठाचे प्रमाण अचूक असते. पण ती बाटली शिरेतून एकदाच देण्यासाठी असते. टोचल्यावर जंतूंना रोखणारे काही तिच्यात नाही. शिवाय तिची आम्लता स्थिर ठेवलेली नसते आणि बहुधा थोडी आम्लाकडे झुकते. आम्लात जाळ्यावरचे ऋण भार कमी होतात, लेन्स आक्रसते. दुकानातल्या बहुउद्देशीय द्रावणात क्षार, आम्लता रोखणारे घटक आणि जंतुनाशक असा तिहेरी मेळ असतो. तोही नीट वापरला तरच. २००६ मध्ये एका मोठ्या कंपनीला आपले द्रावण जगभरातून मागे घ्यावे लागले, कारण ते वापरणाऱ्यांत फ्युजेरियम बुरशीने डोळ्यांचे आजार झाले. डबीतले जुने द्रावण न ओतता वरून नवे भरण्याची सवयही त्याला हातभार लावणारी ठरली.

म्हणजे द्रावण हा लेन्सचाच भाग आहे, आणि आपल्या बाजारात नेमके तेच गृहीत धरलेले नाही. अमेरिकेने २००५ मध्ये कायदा करून नंबर नसलेल्या शोभेच्या लेन्सलाही वैद्यकीय उपकरण ठरवले. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याखाली आली. कागदावर पाया तयार आहे. तरीही रंगीत लेन्स काजळ-लिपस्टिकच्या शेजारी विकली जाते. माप घेतल्याशिवाय विक्री नको आणि कशात ठेवू नये हे खोक्यावर मराठीत छापलेले हवे, एवढ्या दोन गोष्टींना फार खर्च येत नाही.

ज्यांना वर्षातून चार वेळाच लेन्स लावायची आहे, त्यांनी एका दिवसाची लेन्स घ्यावी; ठेवण्याचाच प्रश्न उरत नाही. डोळ्यात पाणी गेले आणि लेन्स घट्ट वाटली तर ओढू नका. लेन्सवर चालणारे थेंब घालून ती सुटी होईपर्यंत थांबा, मग काढून टाका. दुखणे, लाली, उजेड सहन न होणे यांपैकी काही असेल तर औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणू नयेत. त्यांनी लाली उतरते आणि जंतू आत वाढत राहतो. त्याच दिवशी नेत्र विभागात या. येताना लेन्स, तिची डबी आणि द्रावणाची बाटली न धुता सोबत आणा. डोळ्यातला नमुना अपुरा पडला तर जंतू बऱ्याचदा त्यातच सापडतो.