आधी खाली ठेवा!

१ ऑगस्ट २०२४. दुपारी एकची वेळ, ऑफिसचं कॅन्टीन, माझ्या डब्यात भेंडी आणि सगळ्यांच्या मोबाईलवर पॅरिस. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे, मध्य रेल्वेतला तिकीट तपासनीस, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ घेऊन गेला. आम्ही टेबलं बडवली आणि त्याच संध्याकाळी मी घरी जाहीर केलं, "मी शूटिंग शिकणार."

आई म्हणाली, "कॅमेऱ्याचं ना?"

नाही हो आई, बंदुकीचं! म्हणजे आपल्यासारख्या हौशी मंडळींसाठी १० मीटर एअर पिस्तुलाचं. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, दाबलेल्या हवेचा जोर आणि समोर दहा मीटरवर कागद. २० ज्यूलच्या आतल्या अशा पिस्तुलाला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. पण परवाना नाही म्हणून ते खेळणं होत नाही. डोळा जायला एक छर्रा पुरतो.

मी काय तयारी केली? चुकीची! नवा काळा टी-शर्ट घेतला, दोन सिनेमे बघितले आणि निघताना डबल कॉफी मारली. शिकवणाऱ्या सरांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "कॉफी?" समोर धरलेल्या हातातल्या पिस्तुलाचं टोक कॉफीची चुगली करतं, हे तेव्हा कळलं.

तर मंडळी, तुम्ही जाणार असाल तर माझ्या चुका फुकटात घ्या. आदल्या रात्री झोपा. हलका नाश्ता करा, उपाशी जाऊ नका. पायात सपाट तळाचे साधे कॅनव्हासचे बूट, हिल्स अजिबात नकोत. केस बांधलेले, नखं कापलेली. ओळखपत्र सोबत असू द्या, अठराच्या आतल्यांनी पालकांची परवानगीही न्यावी. चष्मा असेल तर तोच घालून जा. आणि पहिल्याच महिन्यात पिस्तूल विकत घ्यायला धावू नका. स्पर्धेचं परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. क्लबचं वापरा, हौस किती दिवस टिकते ते बघा. (जिमची वार्षिक मेंबरशिप आठवा!)

घरी करण्यासारखंही बरंच आहे. लिटरची भरलेली बाटली एका हातात धरा, हात खांद्याच्या उंचीला सरळ, पंधरा सेकंद. खाली. पुन्हा. स्पर्धेचं एअर पिस्तूल साधारण किलोभराचं असतं आणि ते एकाच हाताने धरायचं असतं. दुसरा प्रयोग डोळ्यांचा. दोन्ही हात लांब करा, पंजांमध्ये छोटी फट ठेवा आणि त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं, तो तुमचा नेमाचा डोळा. तुम्ही उजवे आणि तो डोळा डावा निघाला, तर पहिल्याच दिवशी सरांना सांगून टाका.

पहिला तास आम्ही एकही छर्रा न उडवता काढला. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच आहे असं धरून वागायचं. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. नेम लागेपर्यंत ट्रिगरवर बोट नाही, ते बाजूला सरळ. टार्गेटच्या मागे काय आहे ते माहीत हवं. 'स्टॉप' ऐकू आलं की जिथे असाल तिथे थांबायचं. आणि पिस्तूल ठेवताना नळीतून भडक रंगाची दोरी आरपार घालायची, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही दिसतं. मी मनात म्हटलं, हे तर ऑफिसच्या फायर ड्रिलसारखं झालं. ऐकायचं आणि मान डोलवायची.

मग नेम. लहानपणापासून आपण ऐकलेलं असतं की अर्जुनाला फक्त पोपटाचा डोळा दिसला. इथे उलटं! मागची खाच, पुढचं टोक आणि लांबचा काळा गोळा, या तिन्हींवर डोळा एकाच वेळी स्थिरावत नाही. म्हणून नजर पुढच्या टोकावर ठेवायची आणि काळा गोळा अंधूक दिसू द्यायचा. त्या गोळ्यातलं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. (रायफलवाल्यांचं दहा तर अर्ध्या मिलिमीटरचं, पूर्णविरामाएवढं!) ट्रिगर हिसडायचा नाही, हळूहळू दाबत जायचा.

तिसऱ्या रविवारी धाकटा भाऊ बघायला आला होता. रेषेच्या मागे, पॉपकॉर्न असतं तर खाल्लं असतं अशा थाटात उभा. माझे चार छर्रे चार दिशांना गेले. पाचवा नऊवर! आयुष्यातला पहिला नऊ. मी आनंदाने मागे वळले, "अरे, नऊ आला!"

मी वळले, आणि माझ्याबरोबर हातातलं पिस्तूलही वळलं.

"स्टॉप." सर ओरडले नाहीत. पाचही लेनमध्ये पिस्तुलं खाली ठेवली गेली. सरांनी माझं मनगट धरून टार्गेटकडे वळवलं, पिस्तूल काढून घेतलं, उघडलं, दोरी घातली.

"सर, रिकामं होतं," मी म्हटलं.

"तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले. "त्याला माहीत होतं का?"

त्या दिवशी मला पुन्हा पिस्तूल मिळालं नाही. मागच्या खुर्चीवर बसून बाकीच्यांचं बघायचं, एवढीच शिक्षा. एरवी माझी टर उडवायची एकही संधी न सोडणारा भाऊ परतीच्या रिक्षात गप्प होता. रात्री जेवताना एवढंच म्हणाला, "ताई, नळीचं तोंड केवढंसं असतं गं. पण तेवढंच दिसत होतं."

मला झोप लागली नाही. मान डोलवून ऐकलेले नियम आता एका चेहऱ्याला चिकटले होते.

पुढच्या रविवारी सरांनी अर्धा तास एकच काम दिलं. उचल, उघड, बघ, दोरी घाल, खाली ठेव, हात काढ, मग वळ. पुन्हा. मग नवा धडा आला. नेम धरायचा, हात हलायला लागला किंवा श्वास पुरेनासा झाला की छर्रा न सोडता पिस्तूल खाली आणायचं. "जमत नसेल तर सोडून द्यायचं," सर म्हणाले. स्पर्धेत साठ छर्ऱ्यांना पंचाहत्तर मिनिटं मिळतात, म्हणजे एकाला सवा मिनिट. न मारता खाली आणायला वेळ असतो. आणि तरीही मी सगळ्यात जास्त खराब छर्रे मारते ते 'आता उचललंच आहे तर मारून टाकू' म्हणून. हात थरथरतोय हे कळत असतं. ट्रिगर तरीही दाबला जातो.

दोन महिन्यांनी भाऊ पुन्हा आला. स्वतःहून. मी बोलावलं नव्हतं, बोलवायचं धाडसच नव्हतं. रेषेच्या मागे उभा राहिला, पण खांबाच्या जरा आडोशाला. मी ते बघितलं आणि काही बोलले नाही. त्या दिवशी पुन्हा नऊ आला. मी पिस्तूल उघडलं, बघितलं, दोरी घातली, खाली ठेवलं, हात काढले. मग वळले.

"सांग आता," तो म्हणाला. आणि खांबामागून बाहेर आला.

तर जा, नक्की जा. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा वडापावला हात लावण्याआधी साबणाने धुवा. आणि तुमचा पहिला नऊ आला की सगळ्यांना ओरडून सांगा.

पण आधी खाली ठेवा, मग वळा.