शेजाऱ्याच्या मुलाचे गुण

परीक्षेचा निकाल घरी आला की आपल्या कुटुंबांतून एक प्रश्न हटकून विचारला जातो : "आणि शेजारच्या बाळूला किती?" मुलाने काय मिळविले यापेक्षा तो कोणाच्या मागे पडला, याचीच चिकित्सा माजघरापासून ओटीपर्यंत चालते. ही खोड आपल्याकडेच आहे असे मात्र वाचकांनी समजू नये. अमेरिकेतील इंडियाना संस्थानात जॉन वुडन नावाचे एक तरुण शिक्षक १९३४ साली इंग्रजी शिकवीत असत. त्यांच्या वर्गातील पालकांना आपल्या मुलास पहिली वा दुसरी श्रेणीच हवी असे. तिसरी श्रेणी शेजाऱ्याच्या मुलास मिळाली तर काही बिघडत नसे! वुडन यांस याचा खेद झाला व त्यांनी यशाची आपल्यापुरती एक व्याख्या ठरविली. आपल्या अंगी जेवढी शक्ती होती तेवढी सर्व आपण वेचली, अशी ज्याची त्यास खातरी पटून जी शांती लाभते ती म्हणजे यश. दुसऱ्याशी तुलना तीत कोठेच नाही.

हेच वुडन पुढे कॉलेजच्या बास्केटबॉल संघांचे शिक्षक म्हणून विख्यात झाले. १९१० साली शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पर्ड्यू विद्यापीठात ते स्वतः नामांकित खेळाडू होते व अखिल अमेरिकेच्या निवडक खेळाडूंत त्यांची तीनदा गणना झाली. परंतु शिक्षक म्हणून पहिल्याच वर्षी त्यांचा शाळेतील संघ जिंकला थोडा व हरला अधिक.

त्यांच्या तत्त्वाची खरी कसोटी १९४७ साली लागली. ते तेव्हा इंडियानातील एका शिक्षक-महाविद्यालयाचा संघ शिकवीत. संघास राष्ट्रीय सामन्यांचे निमंत्रण आले. मात्र त्या सामन्यांत कृष्णवर्णीयांस खेळण्याची बंदी होती, आणि क्लॅरेन्स वॉकर हा त्यांचा एक खेळाडू कृष्णवर्णीय होता. वुडन यांनी निमंत्रणच नाकारले. पुढल्या वर्षी बंदी उठली, तेव्हा ते वॉकरला घेऊन गेले.

१९४८ साली ते लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आले. तेथे सरावास मिळालेली जागा कोंदट होती व त्याच वेळी तेथे इतरांच्याही कसरती चालत. जमिनीवर धूळ साचे, ती वुडन आपल्या सहायकांसह स्वतः झाडून पुसून काढीत. पहिल्या दिवशी ते नव्या खेळाडूंस पायमोजे कसे घालावे हे शिकवीत. कारण मोज्यास सुरकुती राहिली तर फोड येतो, आणि फोड आलेला पाय धावत नाही. आज जिंकलेच पाहिजे, अशी भाषा त्यांच्या तोंडी सहसा येत नसे.

पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद १९६४ साली मिळाले. त्यानंतर १९७५ साली निवृत्त होईपर्यंत बारा वर्षांत दहा अजिंक्यपदे, त्यांत लागोपाठ सात, आणि ८८ सामन्यांची अखंड विजयमालिका!

दहा पदे पटकाविणाऱ्याने 'तुलना करू नका' म्हणणे सोपे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु व्याख्या १९३४ ची, पहिले पद १९६४ चे. तिने तीस वर्षे विजयाच्या आधाराविना काढली, हे ध्यानात घ्यावे. त्यांच्या कारकिर्दीस बोलच नाही असे नव्हे. एक धनिक चाहता खेळाडूंना नियमबाह्य साहाय्य करी, तिकडे वुडन यांनी कानाडोळा केला, असा आक्षेप आहे. आणि तो क्षुल्लक नाही. आपल्याच मापाने माणसास मोजू गेल्यास हेही मोजावे लागते.

वुडन २०१० साली, शंभरी गाठण्यास थोडेच महिने उरले असता निवर्तले. पुढल्या निकालाच्या दिवशी आजोबा-आजींपासून काका-काकूंपर्यंत सर्वांनी एवढे करून पाहावे : बाळूचे गुण विचारण्यापूर्वी आपल्या मुलास जवळ घेऊन विचारावे, "तुझ्याकडून काही राखून ठेवले होतेस का रे?" त्याने मान वर करून "नाही" म्हटले, तर पेढे त्या दिवशीच वाटावेत, असे आम्हांस वाटते.