पिन होल बोरर : डाळिंबाची राखण झाडागणिक करा

सांगोला, आटपाडी हे कमी पावसाचे तालुके डाळिंबावर उभे राहिले. २०२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत याच पट्ट्यातील शेतकऱ्यांवर उभ्या बागा काढून टाकण्याची वेळ आली. तेल्या आला तर बहर जातो, पण झाड राहते. पिन होल बोरर आणि मर रोग जोडीने आले की झाडच जाते. म्हणून नव्याने लागवड करताना एक प्रश्न स्वतःला विचारा : बागेवर एवढ्या फवारण्या होऊनही झाडे का गेली?

फवारणी कुठे कमी पडते?

फवारणी आपण पानाफुलांवर करतो. ही कीड खोडात असते. भुंगेरा जेमतेम २ मि.मी. लांब. मादी बहुधा जमिनीलगतच्या खोडाला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पाडते आणि आत जाताना बुरशी सोबत नेते. अळ्या लाकूड खात नाहीत, बोगद्याच्या भिंतीवर वाढलेली ही बुरशी खातात. त्यामुळे आंतरप्रवाही औषध झाडाला दिले तरी अळीच्या पोटात ते पुरेसे जात नाही आणि वरून मारलेले औषध बोगद्यात पोचत नाही. पुढची पिढी आतच तयार होते.

मर रोगाची सेराटोसिस्टिस ही बुरशी वेगळी. ती मुळांतून किंवा जखमांतून शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नलिका बंद पाडते. आधी एखादी फांदी पिवळी पडते, मग सारे झाड वाळते. असे खोड आडवे कापले तर आत करडे-तपकिरी डाग दिसतात. रोगाने किंवा पाणी साचून मुळांची घुसमट झाल्याने झाड कमजोर झाले, की त्यातून इथेनॉल बाहेर पडते आणि भुंगेरे त्या वासावर येतात. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीनंतर सोलापूर जिल्ह्यातील ज्या बागांत पाणी साचून राहिले, तिथे हा धोका सर्वाधिक होता. भारी जमीन, गरजेपेक्षा जास्त ठिबक आणि बहर धरताना दिलेला अति ताण यांनीही हेच होते.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात पाइनच्या सालीतील भुंगेऱ्यांनी मोठी जंगले वाळवली. तेही सोबत लाकूड निळसर करणारी बुरशी नेतात. तिथे मोलाचे एकेक झाड वाचवायचे असेल तर भुंगेरे उडू लागण्याआधी खोडावर कीटकनाशक मारतात. कीड आत शिरल्यावर त्याचा उपयोग होत नाही. झाड वेगळे, कीडही वेगळी, पण नियम तोच : संरक्षण खोडावर आणि कीड शिरण्याआधी.

काय करावे?

१. दर पंधरवड्याला प्रत्येक झाडाचे खोड जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत पाहा. बारीक छिद्रे आणि खाली पडलेला पिठासारखा भुसा ही खूण. ४.५ × ३ मीटर अंतरावर एकरी सुमारे ३०० झाडे बसतात. झाडामागे २ मिनिटे धरली तरी १० तास, म्हणजे दोघांचे एका दिवसाचेही काम नाही.

२. दुसऱ्या वर्षापासून वर्षातून दोनदा खोडाला लेप द्या. ४ किलो गेरू १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी त्यात क्लोरपायरीफॉस (२० ईसी) २० मि.लि. आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड २५ ग्रॅम मिसळा. लेप लावताना हातमोजे घाला.

३. बाग निर्यातीची असेल तर आधी तपासा. युरोपीय संघाने २०२० मध्ये क्लोरपायरीफॉसची अवशेष मर्यादा ०.०१ मि.ग्रॅ. प्रति किलोवर आणली आहे. पर्यायी औषध आणि लेबल क्लेम कृषी सहायकांकडून खात्री करून घ्या.

४. पोखरलेले, वाळलेले झाड मुळासकट काढा आणि लगेच जाळा. सरपणासाठी बांधावर रचलेल्या फांद्यांतून भुंगेरे शेजारच्या बागेत जातात. त्या खड्ड्यात लगेच नवे रोप लावू नका. छाटणीची कात्री निर्जंतुक करून वापरा.

५. नवी लागवड उंच गादीवाफ्यावर करा, पाण्याचा निचरा पाहा आणि रोपे खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्या.

भरपाईचे काय?

हवामानावर आधारित फळपीक विमा पाऊस, तापमान अशा ठरावीक निकषांवर मिळतो. खोडातील छिद्रे त्यात मोजली जात नाहीत आणि गेलेल्या झाडाची किंमतही धरली जात नाही. म्हणजे आज तरी झाड हाच तुमचा विमा आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी शिफारस एकरावर सांगून थांबू नये. गावातल्या किती बागांत किती झाडांना छिद्रे आहेत, याची नोंद झाडागणिक ठेवावी. अशी नोंद असेल तर पुढच्या वेळी मदत मागताना हातात पुरावा राहील. आणि शेजाऱ्याच्या बांधावर वाळक्या डाळिंबाचा ढीग दिसला, तर ‘त्याचा तो बघेल’ म्हणून पुढे जाऊ नका. सांगायला अवघड वाटले तरी सांगा. जमल्यास जाळायला हात लावा.