पुढाऱ्याचा दिवस कोण खातो?



आमच्या कासुर्डीच्या बाजूस निवडणूक आली कीं एक प्रश्न हमखास कानीं येतो: "अमका आपल्याकडे किती वेळां आला?" तो पंचायतींत किंवा जिल्हा परिषदेंत किती वेळां बोलला, काय मागून आणलें, हें कोणी विचारीत नाहीं. लग्नास आला होता का, दहाव्यास आला होता का, एवढ्यावर माणसाची किंमत ठरते. मी शाळामास्तर. निवडणुकींत माझें काम परगांवच्या केंद्रावर बसून लोकांच्या बोटाला शाई लावण्याचें. कोणाची बाजू घेण्याचें नव्हे. परंतु शाई लावतां लावतां जें ऐकूं येतें त्यावरून माझें असें मत झालें आहे कीं, पुढारी बिघडतो तो निम्मा आपल्यामुळें, आणि खापर मात्र आपण त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फोडतों.

दौंड-शिरूर बाजूच्या एखाद्या सदस्याचा दिवस पहा. हें कोणा एकाचें चित्र नव्हे. दहा घरीं हेंच दिसेल. सकाळीं सहाला फोन वाजूं लागतो. सातला नदीकांठीं दहावा. कावळा शिवेपर्यंत उभें राहावें लागतें, शिवाय श्रद्धांजलीचे चार शब्द बोलावे लागतात. दुपारीं एकाच मुहूर्तावर दोन लग्नें, एक यवतास व एक केडगांवास. सत्काराची यादी वाचून होईतों लोकांच्या हातांतल्या अक्षता घामानें भिजतात. मग वास्तुशांति, साखरपुडा, पोरांच्या क्रिकेटचें बक्षीस, रात्रीं जागरण-गोंधळ. घरीं येतो तेव्हां अकरा वाजलेले. या दिवसांत त्यानें अंदाजपत्रकाचा कागद केव्हां वाचावा?

आणि त्याचें घर कोण चालवितें? उसाला पाण्याची पाळी रात्रीं आली तर दारें धरायला घरधनीण उभी. गायींच्या धारा काढून दूध डेअरीला घालणारी तीच. दारीं आलेल्या वीस माणसांचा चहा करणारी तीच. मुलगा नववींत आहे कीं दहावींत, हें आमच्या सदस्याला शाळेंत येऊन मास्तराला विचारावें लागतें. समाजसेवा साहेबांची, आणि तिचा सारा बोजा वहिनींच्या पाठीवर! सत्काराची शाल मात्र तिच्या खांद्यावर कधीं पडलेली मीं पाहिली नाहीं.

छंदाचेंही तसेंच. कष्टाच्या माणसाला एखादा नाद असावा. कोणाला तालमीचा, कोणाला भजनाचा, कोणाला बैलांचा. बैलगाडा शर्यत 2014 सालीं सर्वोच्च न्यायालयानें बंद केली, 2021 च्या डिसेंबरांत तिला पुन्हां वाट दिली, आणि 2023 च्या मे महिन्यांत राज्याचा कायदा ग्राह्य धरला. खोंडाला पोटच्या पोरासारखा वाढविणाऱ्या शेतकऱ्याला आपला नाद परत मिळाला. पण आतां शिरूर, खेड, आंबेगांवच्या घाटांवर जाऊन पहा. बैल दिसण्याआधीं बक्षीस देणाऱ्यांचीं तोंडें दिसतात, फलकावर पुरुषभर उंचीचीं. ज्याला खिलारी ओळखतां येत नाहीं तोही बैलगाडाप्रेमी झाला. आणि ज्याला खरा नाद होता, तो निवडून आल्यापासून आपल्या बैलाच्या पाठीवर हात फिरवायला मोकळा राहिला नाहीं. तो व्यासपीठावर बसलेला असतो.

असें असावेंच लागतें काय? आपल्याच जिल्ह्यांतील काटेवाडीच्या शारदाबाई पवार पहा. 1938 सालीं त्या पुणें जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. पती गोविंदराव बारामतीस नीरा कालव्यावरील सहकारी संस्थेच्या कामांत. काटेवाडीची शेती बाई पाहत. मुलें पुढें अकरा झालीं. 1940 च्या डिसेंबरांत एक मुलगा झाला आणि तीन दिवसांचें तें पोर घेऊन बाई बोर्डाच्या सभेस पुण्याला गेल्या. तें पोर म्हणजे शरद पवार. ही हकीकत त्यांनीं स्वतःच सांगितलेली आहे. लोक ती अशी सांगतात कीं, पोराला राजकारणाचें बाळकडू मिळालें. मला तींत दुसरेंच दिसतें. सभा चुकली असती तर बाळंतिणीला कोणीं दोष दिला नसता. परंतु शाळा, रस्ते, विहिरी, दवाखाने हे प्रश्न ज्या खोलींत सुटत, त्या खोलींत बसण्यासाठीं लोकांनीं आपणांस पाठविलें आहे, हें त्या बाईनें ओळखलें होतें. तिसऱ्या दिवशीं बाळंतिणीला एवढा प्रवास करावा लागला, ही जितकी कौतुकाची तितकीच लाजेची गोष्ट. पुरुष सदस्याला त्या दिवशीं मूल झालें असतें तर कोणीं चौकशीही केली नसती. पोर सांभाळायला घरांत बाई होतीच.

त्याच घरांतला दुसरा प्रसंग. 1959 च्या नोव्हेंबरांत केशवराव जेधे वारले आणि 1960 सालीं बारामतीची लोकसभेची पोटनिवडणूक लागली. शारदाबाईंचे एक चिरंजीव वसंतराव शेतकरी कामगार पक्षातर्फे उभे. दुसरे चिरंजीव शरदराव, कॉलेजांत जाण्याच्या वयाचे, काँग्रेसच्या गुलाबराव जेध्यांच्या प्रचारांत. जेधे निवडून आले, घर मात्र मोडलें नाहीं. 2024 सालीं त्याच मतदारसंघांत नणंद-भावजय समोरासमोर उभ्या राहिल्या, ती लढत तर आमच्या दौंड तालुक्यानें दारांतूनच पाहिली. इकडे आमच्याकडे प्रभागाच्या एका जागेसाठीं चुलतभाऊ उभे राहिले तर पांच वर्षें एकमेकांच्या बांधावर पाय ठेवीत नाहींत.

आणखी मागें जाऊं. जोतीराव फुले 1876 ते 1882 पुणें नगरपालिकेचे सभासद होते. त्यांनाही पोट होतें. कंत्राटाचीं कामें होतीं, याच सोलापूर रस्त्यावर मांजरीस शेती होती. लॉर्ड लिटनच्या स्वागतास शहर शृंगारण्याकरितां हजार रुपये खर्चावे असें ठरलें, तेव्हां विरोधी मत एकट्या जोतीरावांचें पडलें. त्या दिवशीं ते कोणाच्या मांडवांत अक्षता टाकीत असते तर ठराव एकमतानें झाला असता.

आतां माझीच गोष्ट सांगतों. पूर्वीं मी ज्या गांवीं शाळेवर होतों तेथें एका वर्गाचें छप्पर गळत असे. दुरुस्तीच्या कागदावर सदस्याची शिफारस हवी होती. मीं पांच खेपा घातल्या. दर खेपेस "अण्णा कार्यक्रमाला गेलेत" हेंच उत्तर. शेवटीं नदीकांठीं एका दहाव्याला गांठलें. त्यांनीं कागद गुडघ्यावर ठेवून, न वाचतां सही केली आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, छपरासाठीं मला कोणीं मत दिलें नाहीं. पण दहाव्याला आलों नाहीं तर चाळीस मतांचा वाडा जातो." माणूस वाईट नव्हता. थकलेला होता. मी रागानें परत निघालों आणि वाटेंत आठवलें कीं, माझ्या वडिलांच्या दहाव्याला हेच अण्णा आले नाहींत म्हणून मीं वर्षभर त्यांना रामराम घातला नव्हता.

बायकांच्या जागांचें काय झालें तेंही पहा. आपल्या राज्यांत 2011 पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांना. जेथें बाई खरोखर काम करते तेथें पाण्याची टाकी आणि शाळेचें संडास आधीं होतात, असा माझा चार गांवांतला अनुभव. परंतु पुष्कळ ठिकाणीं सही बाईची आणि खुर्ची नवऱ्याची. नवरा सरपंच झाला तर त्याचें घर सांभाळायला बायको असते. बायको सरपंच झाली तर नवरा घर सांभाळीत नाहीं, सरपंचकी सांभाळतो! बाईला भाकरीही थापावी लागते आणि सहीही करावी लागते. यावर गांव हंसतो. पण तोच गांव कामासाठीं नवऱ्याला फोन करितो.

कायद्यानें वर्षांतून निदान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात, आणि त्यांच्या आधीं बायकांची वेगळी सभा. गणपूर्तीला शेंकडा पंधरा मतदार किंवा शंभर, यांतील जी संख्या कमी ती पुरते. लग्नाच्या मांडवांत हजार माणूस दोन तास उभें राहतें. ग्रामसभेला शंभर जमत नाहीं. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाहीं, तेव्हां पुढच्या खेपेस पंधरा माणसें बसून सबंध गांवाचे ठराव करितात. मग आपण म्हणतों, पैसा कोठें गेला!

माझ्या थोरल्या मुलीचें लग्न येत्या वैशाखांत करावयाचें आहे. पत्रिकेवर एकाही पुढाऱ्याचें नांव छापायचें नाहीं, मांडवांत सत्कार ठेवायचा नाहीं, असें मीं घरीं सांगितलें. सौभाग्यवती कबूल झाली. धाकटा भाऊ रागावला. म्हणाला, "दादा, उद्यां शिवेवरच्या रस्त्याचें काम घेऊन कोणाकडे जायचें?" मीं म्हटलें, ग्रामसभेला जाऊं. तो हंसला. पत्रिका अजून छापायला दिलेली नाहीं.