बाळंतिणीची दुखापत आणि पेशींचा बाजार

बाळंतपणानंतर खोकला आला किंवा पाण्याची कळशी उचलली की लघवी निसटते, ही तक्रार असंख्य स्त्रिया वर्षानुवर्षे अंगावर काढतात. सासूजवळ बोलता येत नाही, डॉक्टरजवळ तर नाहीच. प्रसूतीत बाळाचे डोके खाली उतरताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात, कधी हाडापासून सुटतात. मूत्रमार्ग आवळून धरणाऱ्या स्नायूची नसही दुखावते. म्हणजे हा नशिबाचा भोग नव्हे, ही श्रम करताना झालेली दुखापत आहे. कारखान्यात यंत्राखाली बोट गेले तर नुकसानभरपाईचा कायदा आहे. समाजाची पुढची पिढी जन्माला घालताना झालेली इजा मात्र कोणत्याही हिशेबात धरली जात नाही.

या मौनाच्या जागी आता पेशी-उपचाराचे आश्वासन येऊ लागले आहे. स्त्रीच्या दंडातून स्नायूचा लहानसा तुकडा काढावयाचा, त्यातील पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवावयाच्या आणि मूत्रमार्गाभोवतीच्या दुबळ्या स्नायूत सुईने सोडावयाच्या, अशी ही पद्धत. कल्पना शास्त्राला धरून आहे, तिची टवाळी करण्याचे कारण नाही. 2007 साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुकच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात 63 स्त्रियांवरील प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. पेशी टोचलेल्या 42 जणींपैकी 38 पूर्ण बऱ्या झाल्या; कोलॅजेन टोचलेल्या 21 पैकी अवघ्या दोघी! पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियन शासनाच्या तपासणीत नीतिसमितीची मान्यता आणि रुग्ण स्त्रियांची संमती या दोन्ही बाबतींत गंभीर दोष निघाले, आणि सप्टेंबर 2008 मध्ये ‘लॅन्सेट’ने तो लेख मागे घेतला. ज्यांच्या दंडातून तुकडे काढले त्यांना नीट विचारण्याची गरज विद्वानांना वाटली नव्हती. पुढे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 150 स्त्रिया घेतल्यावर भरती थांबवावी लागली, कारण पेशींऐवजी नुसते निष्क्रिय द्रव्य टोचलेल्या स्त्रियांनाही अपेक्षेबाहेर बरे वाटू लागले होते.

संशोधन थांबवा, असे कोणीही म्हणणार नाही. व्यायामाने भागत नाही अशा स्त्रिया आहेत आणि त्यांच्यासाठी ते सार्वजनिक पैशाने, उघड चाचण्यांतून झालेच पाहिजे. परंतु सिद्ध होण्यापूर्वीच उपचार विक्रीला निघाला, तर व्यवहार मोठा विलक्षण होतो : कच्चा माल स्त्रीच्या स्वतःच्या शरीरातला, आणि प्रक्रिया करून तो तिलाच किंमत लावून परत द्यावयाचा. भांडवलाने याहून स्वस्त कच्चा माल क्वचितच मिळविला असेल.

आणि साधा उपाय जुनाच आहे. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम मांडले. कॉक्रेनच्या 2018 च्या आढाव्यात, खोकताना वा वजन उचलताना लघवी निसटणाऱ्या स्त्रियांत, व्यायाम शिकविलेल्यांपैकी 56 टक्के बऱ्या झाल्याचे नोंदले आहे. न शिकविलेल्यांपैकी 6 टक्के. (या चाचण्या लहान होत्या, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.) फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर सुईण किंवा फिजिओथेरपिस्ट हे व्यायाम शिकविते आणि खर्च सार्वजनिक आरोग्यविमा सोसतो. तेथे ती दया नाही, हक्क आहे.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताचे काही विकार वगळता मूळपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर अनैतिक ठरविला आहे. नकाराची बाजू कागदावर पक्की झाली. द्यावयाचे काय, ते राहिले. रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रीच्या घरी आशा सेविका 42 दिवसांत सहा वेळा जाते, ती मुख्यतः नवजात बाळासाठी. त्याच भेटींत आईला लघवीविषयी विचारणे, तिला व्यायाम शिकविणे आणि गरज असल्यास पुढे पाठविणे, यासाठी पेशी वाढविणारी प्रयोगशाळा लागत नाही. आशांना प्रशिक्षण लागते, आणि मानधनाऐवजी वेतन. जिल्हा परिषदेत आरोग्याच्या अंदाजपत्रकावर बोलताना कार्यकर्त्यांनी या दोन्ही मागण्या एकत्रच मांडावयास हव्यात.