गाडी अडते तेव्हा

मागच्या मे महिन्यात सासूबाईंना डोळे तपासायला नेत होते. शंकरनगर चौकात सिग्नलला दांडी 'एन'वर घेतली. हिरवा दिवा लागला, पण 'डी' काही पडेना! मागून हॉर्नचा नुसता गजर. शेवटी चौघांनी ढकलून गाडी कडेला लावली. मेकॅनिक म्हणाला, "गिअरबॉक्सच उतरवावा लागेल, बाई." आकडा ऐकून मी गारच झाले.

२०१४ पासून आपल्याकडे आलेल्या बिनक्लचच्या एएमटी गाड्यांत गिअरबॉक्स साधाच असतो. क्लच दाबणे, गिअर बदलणे संगणकाच्या हुकमाने होते. आपली दांडी फक्त निरोप देते. आणि ब्रेक दाबल्याची वर्दी मिळेपर्यंत संगणक 'डी' पडू देत नाही. ही वर्दी देते पेडलजवळचे छोटेसे बटण. मागचे लाल दिवेही त्यावरच लागतात.

म्हणून हँडब्रेक लावून पेडल दाबा नि मुलाला बाजूने दिवे पाहायला सांगा. एकच लागला नाही तर बल्ब गेला. सगळेच अंधारात असले तर फ्यूज, नाहीतर ते बटण. आमचे बटणच निघाले, काही शे रुपयांत काम झाले!

दिवे ठीक असतील तर बॅटरी तपासून घ्या. नागपूरच्या उन्हात ती लवकर बसते. तरीही अडले तर स्कॅनर लावून कोड लिहून घ्यायला सांगा, तेही बॅटरीची तार काढण्यापूर्वी. नाहीतर कोड पुसले जाऊ शकतात. इंजिन ओरडते, गाडी ओढत नाही नि जळका वास येतो, तर मात्र क्लचचाच खर्च धरा.

सासूबाईंची तपासणी पुढच्या आठवड्यावर गेली, ती रिक्षाने झाली.