झाकली मूठ आणि नामंजूर अर्ज

आमची आत्या एकसष्ट वर्षांची आहे. लहानपणी पोलिओने तिचा उजवा पाय गेला आणि चाळिशीनंतर ऐकू येणेही कमी होत गेले. लग्न झाले नाही. आजोबा इंदूरच्या कापड गिरणीत कारकून होते. ते गेले, मग आजी गेली. वाड्यातली मागची खोली आणि हाताने चालवायचे शिवणयंत्र, एवढ्यावर तिने आयुष्य काढले. २०२१ साली मी तिच्यापुढे अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, "अरे, पणजोबा होळकरांच्या चाकरीत होते. आपण आता सरकारच्या दारात हात पसरायचा?"

वाचकहो, हे वाक्य तुम्ही आपापल्या घरी कधी ना कधी ऐकले असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपण जुन्या घराण्यांनी फार मनावर घेतली आहे. शेजारच्या वस्तीतला हातगाडीवाला आपल्या मुलाचे प्रमाणपत्र काढून घेतो, आणि आपल्याकडे मात्र अपंग मूल, अंध काका, पार्किन्सनने थरथरणारे वडील माजघरात बसलेले असतात. आल्यागेल्याला सांगायचे, "बरं आहे हो!"

आत्याला कसेबसे तयार केले. जून २०२१ पासून हे प्रमाणपत्र केवळ यूडीआयडी पोर्टलवरूनच मिळते, म्हणून अर्ज ऑनलाइन भरला. अर्जात पाय आणि कान, दोन्ही लिहिले. काही महिन्यांनी वैद्यकीय मंडळापुढे बोलावणे आले. त्या दिवशी कानाचे डॉक्टर आले नव्हते. पायाची तपासणी झाली, कानाचा रकाना कोरा राहिला आणि प्रमाणपत्रावर आकडा आला ३५ टक्के. पेन्शनचा अर्ज त्या आकड्यावर नामंजूर झाला. खिडकीवरचा कर्मचारी म्हणाला, "माताजी, चालीस से कम है, अब कुछ नहीं होगा." परत येताना रिक्षात आत्या एवढेच बोलली, "बघ, मूठ झाकलेलीच बरी होती."

आम्हीही चार-पाच आठवडे गप्प बसलो. मी बँकेत वीस वर्षे कारकुनी करतो. नियमावर बोट ठेवून लोकांना परत पाठवणे हे आमच्याही रोजच्या कामात येते. पण समोरच्याने "नियम दाखवा, लेखी द्या" असे म्हटले की आम्हीही कपाट उघडून परिपत्रक काढतो, हेही मला ठाऊक आहे. मग मीच ते कपाट उघडले.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. त्यांत पार्किन्सन, थॅलॅसेमिया, ॲसिडहल्ल्याने आलेले अपंगत्व, शिकण्यातील विशिष्ट अडचणीही येतात. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. आणि याच कायद्याचे कलम ५९ सांगते की प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल, तर राज्य सरकारने नेमलेल्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. म्हणजे "अब कुछ नहीं होगा" हे खिडकीचे मत होते, कायद्याचे नव्हते.

अपील एका पानाचे होते. त्यात आत्याच्या कष्टाची कहाणी लिहिली नाही. "अर्जात दोन अपंगत्वे नोंदवली आहेत, तपासणी एकाचीच झाली, सबब दोन्हींची तपासणी व्हावी," एवढाच मुद्दा. सोबत अर्जाची प्रत, प्रमाणपत्राची प्रत आणि श्रवणचाचणीचा अहवाल. पुन्हा बोलावणे आले, कान तपासले गेले, २० टक्के निघाले. इथे माझ्यासारखा वाणिज्य पदवीधरही फसतो. ३५ आणि २० मिळून ५५ होत नाहीत. दोन अपंगत्वे ठरलेल्या सूत्राने एकत्र करतात, त्या हिशेबाने ४७ झाले. पण ४७ हे चाळिसाच्या वर होते. पुढे राज्याची पेन्शन सुरू झाली, तेव्हा महिना सहाशे रुपये. तेवढ्यात आजच्या इंदुरात काय येते, हे मी सांगायला नको. पण पहिल्या महिन्याचे पैसे काढून आत्याने स्वतःच्या श्रवणयंत्राचे सेल स्वतः आणले, आणि त्या दिवसानंतर हात पसरण्याची भाषा तिच्या तोंडी आली नाही.

हे घरचे प्रकरण इथे मांडले, कारण त्यातून चार गोष्टी सर्वांच्या उपयोगाच्या निघतात.

पहिली गोष्ट, नकार तोंडी घेऊ नये. नामंजुरीचे कारण लेखी देणे हे वैद्यकीय मंडळाचे काम आहे. कारण हातात नसेल तर अपील कशावर करणार? अपिलाची मुदत प्रत्येक राज्य ठरवते, म्हणून नकार मिळाला त्याच दिवशी मुदत विचारावी आणि जे द्याल त्याची पोच घ्यावी. अर्ज नुसता पडूनही राहू देऊ नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम बदलले. प्रमाणपत्रासाठी पूर्वी एक महिना होता, तो तीन महिने झाला. आणि दोन वर्षांत निर्णय झाला नाही तर अर्जच निष्क्रिय होतो, नव्याने करावा लागतो. म्हणजे उशीर सरकारचा आणि पुन्हा फेरा आपला! यासाठी मध्य प्रदेशात २०१० चा लोकसेवा हमी कायदा आहे. त्याखाली अधिसूचित झालेली सेवा मुदतीत मिळाली नाही तर दोन अपिले करता येतात आणि दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड होऊ शकतो. कर्नाटकातही २०११ चा 'सकाल' कायदा अशाच हेतूचा आहे. शिवाय प्रत्येक राज्यात दिव्यांग आयुक्त असतात. चौकशीपुरते त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

दुसरी गोष्ट नावांची, आणि ती खास आपली आहे. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली रीत. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, रेशनकार्डावर सुनंदा, आधारवर सुनंदाबाई आणि पासबुकात नुसतेच एस. मधले नाव कुठे वडिलांचे, कुठे पतीचे, कुठे गाळलेले. संगणकाला यातले काही कळत नाही; त्याच्या लेखी या चार बायका आहेत. अर्ज करण्याआधी आधार, समग्र आयडी आणि बँकखाते यांवर नाव एकसारखे करून घ्या. आणि बँकवाला म्हणून एक कानमंत्र सांगतो. आधारच्या आधारे येणारी सरकारी रक्कम ज्या बँकेत आधार शेवटी जोडला असेल त्या खात्यात जाते. "पेन्शन आलीच नाही" म्हणून वर्षभर हेलपाटे घालणाऱ्या एका बाईंचे पैसे गॅस अनुदानासाठी उघडलेल्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यात सुखरूप पडून होते.

तिसरी गोष्ट भाषेची. बेळगावकडचे आमचे सोयरे सांगतात की कागद कानडीत येतो, कळत नाही, म्हणून उत्तरच दिले जात नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० असे सांगतो की संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत नागरिक आपल्या तक्रारीचे निवेदन देऊ शकतो. मराठीतले निवेदन केवळ मराठीत आहे म्हणून नाकारता येणार नाही. काम लवकर व्हावे म्हणून सोबत भाषांतर जोडावे. त्यात कमीपणा नाही, आणि हक्कही कमी होत नाही.

चौथी गोष्ट निवृत्त सरकारी नोकरांच्या घरांसाठी, आणि आपल्यात अशी घरे पुष्कळ आहेत. केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्याचे मूल अपंगत्वामुळे स्वतःची उपजीविका करू शकत नसेल, तर नियमांतल्या अटींवर त्याला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकते. राज्यांचे नियम आपापले आहेत, ते विचारून घ्यावेत. त्या मुलाचे नाव आईवडिलांनी आपल्या हयातीतच पेन्शनच्या कागदांवर चढवून घ्यावे. "आमच्या मागे भाऊ बघेल" या भरवशावर राहू नका. भाऊ चांगलाच असतो, पण कागद नसला की भावालाही काही करता येत नाही.

आता थोडे राजकारणाचे, कारण हे पत्र त्यासाठीच आहे. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शन ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब या अटींवर मिळते. २०१२ साली ती महिना ३०० रुपये झाली. त्यानंतर २०२५ सालापर्यंत केंद्राचा हा वाटा वाढला नाही. विधवा पेन्शनचा केंद्राचा वाटाही ३०० रुपयेच. आणि २०१६ च्या कायद्याचे कलम २४ म्हणते की दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे. ३०० वर २५ टक्के म्हणजे ३७५. हा हिशेब सातवीतला मुलगा करील. कायदा करणाऱ्यांनी तो का केला नाही, हे कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला विचारता येईल. गणेशोत्सवात आरतीला येऊन, पुरणपोळीचे कौतुक करून सगळेच जातात. यंदा आरतीनंतर त्यांना दोन मिनिटे थांबवा आणि तीन गोष्टी विचारा. वैद्यकीय मंडळाच्या दिवशी सर्व तज्ज्ञ हजर राहतील का? प्रत्येक नकाराबरोबर लेखी कारण आणि अपिलाचा पत्ता मिळेल का? आणि ते २५ टक्के कधी?

मदत घेणे म्हणजे भीक मागणे नव्हे. ज्या खजिन्यात आपले पणजोबा सारा भरत होते आणि आपण कर भरतो, त्या खजिन्यावर आपल्या घरातल्या पांगळ्या, बहिऱ्या, अंध माणसाचाही हक्क आहे. तो आपण आपल्याच संकोचाने बुडवतो, मग सरकारला दोष तरी कोणत्या तोंडाने द्यायचा?

पुढच्या रविवारपासून सकाळी दहा ते बारा मंडळाच्या कार्यालयात याच कामासाठी एक टेबल मांडले जाईल. मी असेन, आणखी दोघे असतील. नामंजुरीचा कागद असेल तर घेऊन या. कागदच नसेल, नुसते "नाही" ऐकून परतला असाल, तरी या. आपल्या गल्लीत कोणी माजघरात बसलेले असेल, तर त्यांच्या वतीने तुम्ही या.